इंग्रजी वाक्य पुन्हा पुन्हा तिथेच अडकतंय? आधी क्रियापदं मोजा

इंग्रजी मसुदे तपासणं हे माझं रोजचं काम. ईमेल, अर्ज, प्रकल्प अहवाल, कधी प्रबंधाचं एखादं प्रकरण. लिहिणारे सगळे मराठी, शिकलेले, शब्दसंग्रह चांगला असलेले. तरी एकच बिघाड सतत समोर येतो: सुटे शब्द बरोबर, स्पेलिंग बरोबर, पण वाक्य उभं राहत नाही. आज दुरुस्त करून दिलेला माणूस पुढच्या महिन्यात तीच चूक घेऊन येतो, कारण त्याला दुरुस्त केलेलं वाक्य मिळालेलं असतं, बिघाड कुठे होता ते कळलेलं नसतं.

बहुतेक वेळा बिघाड शब्दांत नसतो, क्लॉजच्या जोडणीत असतो. क्लॉज म्हणजे कर्ता आणि त्याचं काळ दाखवणारं क्रियापद असलेला वाक्याचा तुकडा. एक क्लॉज कुठे संपतो, दुसरा कुठे सुरू होतो आणि दोघांना कोण जोडतंय, एवढं दिसायला लागलं की निम्म्याहून जास्त लाल खुणा आपोआप कमी होतात.

लक्षणं

खालच्यांपैकी दोन-तीन जरी ओळखीची वाटली तरी ही पोस्ट तुमच्यासाठी आहे.

- वाचणारा वाक्य संपल्यावर थांबतो आणि "मग पुढे काय?" असं विचारतो.
- संगणक वाक्याखाली रेघ मारतो. तुम्ही शब्द बदलता, रेघ तिथेच राहते.
- तपासणाऱ्याने समासात "फ्रॅगमेंट", "रन-ऑन" किंवा "कॉमा स्प्लाइस" असं लिहून ठेवलंय.
- मोठ्याने वाचताना वाक्याच्या मध्येच दम लागतो आणि सुरुवात काय होती ते आठवत नाही.
- तुम्ही लिहिलं एक आणि समोरच्याने वाचलं भलतंच, कधी अगदी उलटं.

शेवटचं लक्षण सगळ्यांत गंभीर. पहिल्या चारांत वाचणाऱ्याला निदान कळतं की काहीतरी चुकलंय. पाचव्यात वाक्य वरवर नीट दिसतं आणि चुकीचा निरोप पोहोचवतं.

आता तपासण्या. सोप्यापासून सुरू करू. क्रम मोडू नका, कारण पुढची प्रत्येक तपासणी मागचीवर उभी आहे.

पहिली: प्रत्येक वाक्य नव्या ओळीवर

परिच्छेदाची एक प्रत काढा आणि प्रत्येक पूर्णविरामानंतर एंटर दाबा. याला व्याकरण लागत नाही, एक-दोन मिनिटं पुरतात. परिच्छेदात वाक्यं एकमेकांच्या आडोशाला उभी असतात आणि अपुऱ्या वाक्याचा अर्थ आपण शेजारच्या वाक्यातून भरून काढतो. ती एकेकटी उभी केली की "बिकॉज द सर्व्हर वॉज डाउन." ही ओळ अर्धी आहे हे नुसत्या डोळ्यांनी दिसतं. चार-चार ओळी व्यापणारी वाक्यंही लगेच सापडतात. पुढच्या तपासण्या सगळ्या मजकुराला लावायची गरज नसते. इथे संशयित निघालेल्या वाक्यांना लावा.

दुसरी: काळ दाखवणारी क्रियापदं अधोरेखित करा

सगळा उलगडा इथून होतो, म्हणून घाई करू नका. इंग्रजीत क्रियापदासारखा दिसणारा प्रत्येक शब्द क्लॉज उभा करत नाही. नुसतं "गोइंग" करत नाही, "टु गो" करत नाही. उभा करतं ते काळ दाखवणारं रूप: "गोज", "वेन्ट", "इज", "हॅव्ह", "विल गो".

ते ओळखायची खात्रीची युक्ती म्हणजे वाक्य वर्तमानातून भूतकाळात न्या आणि कोणता शब्द बदलावा लागतो ते पाहा. उदाहरणार्थ, "द लेटर रिटन बाय हर इज ऑन द टेबल." इथे "रिटन" हा शब्द भूतकाळासारखा दिसतो आणि बरेच जण त्यालाच क्रियापद धरतात. आता वाक्य कालचं करा: "द लेटर रिटन बाय हर वॉज ऑन द टेबल." बदललं फक्त "इज". "रिटन" जागचा हलला नाही. म्हणजे या वाक्यात काळ दाखवणारं क्रियापद एकच, क्लॉजही एकच. "रिटन बाय हर" हा तुकडा पत्राचं वर्णन करतो, बस.

एक-दोन गोष्टी लक्षात ठेवा. "हॅज बीन वेटिंग" किंवा "कुड हॅव्ह बीन सेंट" ही शब्दांची रांग असली तरी मोजताना एकच क्रियापद. आणि "कॅन", "मे", "मस्ट", "शुड", "विल" यांच्यापैकी कोणी दिसलं की ते काळ दाखवणारं धरा, "मस्ट"चं रूप बदलत नसलं तरीही.

अधोरेखित करायला एकही क्रियापद सापडलं नाही? मग ते वाक्य नाही. "द मीटिंग बीइंग पोस्टपोन्ड टु फ्रायडे." असल्या ओळी अहवालांत ढिगाने सापडतात. "बीइंग"च्या जागी "हॅज बीन" घाला, काम झालं.

तिसरी: प्रत्येक क्रियापदाचा कर्ता कुठे आहे?

मराठीत "उद्या येतो" म्हटलं की पुरे. कोण येतो ते क्रियापदाच्या रूपातून आणि संदर्भातून कळतं, म्हणून कर्ता गाळायची आपल्याला सवय आहे. इंग्रजी क्रियापद एवढी माहिती देत नाही, म्हणून ते कर्ता मागतं. मागतं म्हणजे इतकं, की कर्ता नसेल तर नावापुरता एक बसवतं: "इट इज रेनिंग", "देअर इज अ प्रॉब्लेम". या "इट"ला आणि "देअर"ला स्वतःचा अर्थ नाही, ते जागा भरतात. ही जागा रिकामी राहिली की "इज नेसेसरी टु सबमिट द फॉर्म" असं वाक्य तयार होतं.

आज्ञार्थी वाक्यात मात्र कर्ता दिसत नाही आणि ते बरोबर असतं. "क्लोज द विंडो" यात "यू" गृहीत आहे.

उलटी चूकही तपासा: एका क्रियापदाला दोन कर्ते. "माय ब्रदर ही वर्क्स इन अ बँक" यातला "ही" काढून टाका. कर्ता लांबलचक असला की ही चूक हमखास होते, कारण क्रियापदापर्यंत पोहोचेतो लिहिणाऱ्याला कर्ता पुन्हा सांगावासा वाटतो.

चौथी: क्रियापदं वजा एक

माझ्या अनुभवात या एका हिशेबाने जितकी वाक्यं दुरुस्त होतात तितकी बाकी सगळ्या तपासण्या मिळून होत नाहीत. हिशेब असा: वाक्यात काळ दाखवणारी क्रियापदं जितकी, त्यापेक्षा एक कमी इतके जोडशब्द हवेत. दोन क्रियापदं, एक जोडशब्द. चार क्रियापदं, तीन जोडशब्द.

जोडशब्द दोन जातींचे. पहिल्या जातीत सातच आहेत: फॉर, अँड, नॉर, बट, ऑर, येट, सो. हे दोन्ही क्लॉजना समान मान देतात. दुसऱ्या जातीतले एका क्लॉजला दुसऱ्याच्या हाताखाली देतात: बिकॉज, ऑल्दो, इफ, व्हेन, व्हाइल, सिन्स, अनलेस, अंटिल, दॅट, व्हेदर. हू, व्हिच, व्हॉट, व्हेअर हे शब्द क्लॉजच्या तोंडाशी आले की तेही याच जातीत मोजायचे.

आता तीन बिघाड एकाच हिशेबात कसे सापडतात ते पाहा.

"द ट्रेन वॉज लेट, वी मिस्ड द मीटिंग." क्रियापदं दोन, जोडशब्द शून्य. एक कमी पडला. यालाच कॉमा स्प्लाइस म्हणतात. नुसत्या कॉमाला इंग्रजीत दोन पूर्ण क्लॉज धरून ठेवायचा अधिकार नाही. कॉमाही नसेल तर तेच वाक्य रन-ऑन होतं. उपाय तीन: जोडशब्द घाला, पूर्णविराम द्या किंवा अर्धविराम द्या. अर्धविराम एका जोडशब्दाचं काम करतो.

"बिकॉज द ट्रेन वॉज लेट." क्रियापद एक, जोडशब्दही एक. एक जास्त झाला. हा फ्रॅगमेंट. "बिकॉज"ने वाक्य सुरू करू नये असं शाळेत सांगतात, त्याचं मूळ इथे आहे, पण नियम तसा नाही. पुढे "वी मिस्ड द मीटिंग" आलं की "बिकॉज"ने सुरू झालेलं वाक्य पूर्ण निर्दोष असतं. "अँड" किंवा "बट"नेही वाक्य सुरू करता येतं, मोठमोठे लेखक करतात. ते मागच्या वाक्याशी नातं सांगतात, म्हणून सुरुवातीला आलेले ते दोन या हिशेबात धरू नका.

"ऑल्दो ही वॉज टायर्ड, बट ही फिनिश्ड द वर्क." क्रियापदं दोन, जोडशब्द दोन. इथेही एक जास्त. मराठी माणसाची ही सगळ्यांत पक्की सवय आहे आणि तिचं कारणही तितकंच पक्कं आहे. मराठीत जोडशब्द जोडीने येतात: जरी-तरी, जर-तर, जेव्हा-तेव्हा, जो-तो. एक हात या क्लॉजचा, एक हात त्या क्लॉजचा. इंग्रजी एकाच हाताने काम भागवतं. "ऑल्दो" ठेवा नाहीतर "बट" ठेवा, दोन्ही नकोत. "ॲज ही वॉज सिक, सो ही डिड नॉट कम" यातही तेच. "द बॉय हू केम यस्टरडे, ही इज माय स्टुडंट" यातला "ही" म्हणजे आपल्या "जो-तो"मधला "तो" आहे. त्याला काढा.

एक मोठं वाक्य मोजून दाखवतो. "आय नो दॅट द रिपोर्ट व्हिच यू सेंट वॉज लेट बिकॉज द सर्व्हर फेल्ड." क्रियापदं: नो, सेंट, वॉज, फेल्ड. चार. जोडशब्द: दॅट, व्हिच, बिकॉज. तीन. वाक्य लांब आहे, पण शाबूत आहे. लांबी हा दोष नव्हे हे अशा वाक्यांतून पटतं.

हिशेब लावताना काही जागा फसव्या आहेत, त्या आधीच सांगून ठेवतो. "आय थिंक ही इज राइट" यात क्रियापदं दोन आणि जोडशब्द दिसत नाही, कारण "दॅट" लपलेला आहे. "द बुक यू गेव्ह मी इज गुड" यातही तसंच. तिथे "दॅट" घालून पाहा, चपखल बसला तर तो मोजा. "पेन अँड पेपर" मधला "अँड" दोन वस्तू जोडतो, क्लॉज नाही, म्हणून तो मोजायचा नाही. "दॅट बुक" मधला "दॅट" नुसता बोट दाखवतो, तोही नाही. "इफ" बरोबर येणारा "देन" जोडशब्द नाही, म्हणून "इफ यू कॉल, देन आय विल कम" चालतं. "आयदर-ऑर", "नॉट ओन्ली-बट ऑल्सो" या जोड्या मिळून एकच. आणि तीन क्रियांची यादी असेल, जसं "शी ओपन्ड द फाइल, रेड इट अँड रिप्लाइड", तर यादीतला कॉमा एका "अँड"ची जागा घेतो.

पाचवी: खोटे जोडशब्द

हाउएव्हर, देअरफोर, मोरओव्हर, देन, अदरवाइज. अर्थाने हे जोडतात, व्याकरणाने नाही. "द प्लॅन वॉज गुड, हाउएव्हर, इट फेल्ड." हे वाक्य सुशिक्षितांच्या लेखनात जवळजवळ रोज दिसतं. ओळखायची परीक्षा अशी: शब्द जागेवरून हलवून पाहा. "इट, हाउएव्हर, फेल्ड" चालतं, "इट फेल्ड, हाउएव्हर" चालतं. "बट" असा हलत नाही, तो दोन क्लॉजच्या मधोमध घट्ट बसलेला असतो. जो हलतो तो जोडशब्द नाही. त्याच्या आधी पूर्णविराम किंवा अर्धविराम द्या.

सहावी: अर्थ उलटवणाऱ्या जागा

इथवरच्या चुका वाक्य मोडतात. यापुढच्या चुका वाक्य न मोडता अर्थ बदलतात, म्हणून त्यांना जास्त जपा. संगणकाची रेघ इथे बऱ्याचदा येतच नाही.

"त्याने मला सांगितलं की मी उद्या येतो." मराठीत यातला "मी" म्हणजे सांगणारा. तेच इंग्रजीत "ही टोल्ड मी दॅट आय विल कम टुमॉरो" असं उतरवलं, तर येणारा बदलला. आता तुम्ही येणार आहात. कार्यालयीन ईमेलमध्ये यावरून खरोखर गोंधळ उडतात: एकाने दिलेला शब्द दुसऱ्याच्या गळ्यात पडतो. "दॅट"च्या पुढचा क्लॉज इंग्रजीत नेहमी लिहिणाऱ्याच्या जागेवरून सांगायचा: "ही टोल्ड मी दॅट ही वुड कम द नेक्स्ट डे."

दुसरी जागा "अंटिल" आणि "अनलेस". "तो येत नाही तोपर्यंत थांबा" या वाक्यातला "नाही" सोबत घेऊन आपण "वेट अंटिल ही डज नॉट कम" लिहितो. "अंटिल" थांबण्याचा शेवट कोणत्या घटनेने होतो ते सांगतो, आणि इथे शेवट होतो तो येण्याने: "वेट अंटिल ही कम्स." "अनलेस"च्या पोटात "नाही" आधीपासूनच आहे. "अनलेस यू डोन्ट साइन, वी कॅनॉट प्रोसीड" याचा अर्थ होतो, सही केलीत तर आम्ही पुढे जाऊ शकत नाही. म्हणायचं होतं नेमकं उलट. या दोघांच्या क्लॉजमध्ये "नॉट" दिसला की थांबा आणि वाक्य पुन्हा वाचा.

तिसरी जागा: प्रश्न पोटात घेतलेलं वाक्य. "आय डोन्ट नो व्हेअर इज ही." इथे अर्थ उलटत नाही, पण वाचणारा अडखळतो. "तो कुठे आहे?" आणि "तो कुठे आहे ते मला माहीत नाही" यांत मराठीत शब्दांचा क्रम तसाच राहतो, म्हणून इंग्रजीत तो बदलतो हे ध्यानात येत नाही. सरळ प्रश्नात क्रियापद कर्त्याच्या आधी जातं, आणि तोच प्रश्न दुसऱ्या वाक्याच्या पोटात गेला की पुन्हा कर्त्याच्या मागे येतं: "आय डोन्ट नो व्हेअर ही इज." "टेल मी व्हॉट डज धिस वर्ड मीन" याचंही "टेल मी व्हॉट धिस वर्ड मीन्स" होतं.

"इफ इट विल रेन" मधला "विल" काढा, "इफ इट रेन्स" लिहा. भविष्य दुसऱ्या क्लॉजमधल्या "विल"ने सांगितलेलं असतं. "व्हेन"चंही असंच: "व्हेन ही कम्स, आय विल टेल हिम."

सातवी: वर्णन करणारा तुकडा कुणाला चिकटलाय?

"द रिपोर्ट वॉज सेंट टु द ऑफिस व्हिच हॅड मेनी मिस्टेक्स." चुका कुणात होत्या? अहवालात, असं तुम्ही म्हणाल. वाक्य म्हणतं, ऑफिसात. "हू" आणि "व्हिच" त्यांच्या लगेच आधीच्या नामाला धरतात, म्हणून वर्णन नामाच्या शेजारी ठेवा: "द रिपोर्ट, व्हिच हॅड मेनी मिस्टेक्स, वॉज सेंट टु द ऑफिस."

आता कॉमांकडे नीट बघा. "द वर्कर्स हू डू नाइट शिफ्ट्स विल गेट ॲन अलाउअन्स." कॉमा नाहीत, म्हणजे भत्ता फक्त रात्रपाळी करणाऱ्यांना. "द वर्कर्स, हू डू नाइट शिफ्ट्स, विल गेट ॲन अलाउअन्स." आता सगळे कामगार रात्रपाळी करतात आणि भत्ता सगळ्यांनाच. शब्द तेच, दोन कॉमांनी पात्र माणसांची यादी बदलली. पाहायचं इतकंच: हा तुकडा काढला तर कोणाबद्दल बोलतोय ते कळतं का? कळत असेल तर कॉमा द्या, नसेल तर देऊ नका.

"व्हाइल वॉकिंग टु द स्टेशन, द रेन स्टार्टेड." मराठीत "स्टेशनला चालत जाताना पाऊस सुरू झाला" यात काही खटकत नाही, जाणारा कोण ते ऐकणारा समजून घेतो. इंग्रजी वाचक मात्र "वॉकिंग"चा कर्ता पुढच्या क्लॉजच्या कर्त्यात शोधतो आणि त्याला सापडतो पाऊस. दुरुस्ती सोपी आहे: "व्हाइल आय वॉज वॉकिंग टु द स्टेशन, द रेन स्टार्टेड." मराठीत "करून", "जाताना", "आल्यावर" अशा रूपांवर आपण खूप विसंबतो, म्हणून कॉमाआधी "-इंग"चा तुकडा दिसला की एकदा विचारा: ही क्रिया पुढचा कर्ताच करतोय ना?

आठवी: आडवी रेघ

हे सगळं करूनही वाक्य ऐकत नसेल तर कागद घ्या. अलोन्झो रीड आणि ब्रेनर्ड केलॉग या अमेरिकी शिक्षकांनी 1877 मध्ये वाक्याची आकृती काढायची पद्धत मांडली, तिचा गाभा आजही उपयोगी आहे. एक आडवी रेघ काढा, तिला छेदणारी एक उभी रेघ. उभ्या रेघेच्या डावीकडे मुख्य क्लॉजचा कर्ता, उजवीकडे त्याचं क्रियापद. बाकी सगळं खाली, ज्या शब्दाला ते लागू पडतं त्याच्याखाली.

ही सगळ्यांत कष्टाची तपासणी, कारण इथे मुख्य क्लॉज कोणता हे तुम्हाला ठरवावं लागतं. पण लपलेल्या दोन गोष्टी तीच उघड करते. पहिली, कर्ता आणि क्रियापदाचं वचन. "द क्वालिटी ऑफ द फोटोज आर पुअर" हे वाक्य रेघेवर मांडलं की डावीकडे फक्त "क्वालिटी" उरतं, "फोटोज" खाली जातं आणि "आर"चं "इज" व्हायला हवं हे स्वच्छ दिसतं. दुसरी गोष्ट, वजन. पुष्कळदा रेघेवर "इट इज" एवढंच येतं आणि जी बातमी सांगायची होती ती तीन पायऱ्या खाली एखाद्या "व्हिच"च्या क्लॉजमध्ये दडलेली असते. मग दुरुस्ती करू नका, वाक्य नव्याने लिहा: बातमी रेघेवर आणा आणि बाकीचं दुसऱ्या वाक्यात द्या.

थांबायचं कधी

एकच वाक्य तीन वेगवेगळ्या पद्धतींनी लिहूनही बसत नसेल तर इंग्रजी सोडा आणि तेच मराठीत एका दमात सांगून बघा. मराठीतही सांगता आलं नाही, तर अडचण व्याकरणाची नाही. काय म्हणायचंय ते अजून ठरलेलं नाही, आणि ते संपादकही ठरवू शकत नाही.

पुढच्या प्रकारांत मात्र घरच्या घरी दुरुस्ती करूच नका.

करार, मृत्युपत्र, प्रतिज्ञापत्र, नियमावली: वकील. अमेरिकेतल्या मेन राज्यात जादा कामाच्या मोबदल्यातून वगळलेल्या कामांची यादी कायद्यात दिली होती. तिच्या शेवटी "पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्युशन" असे शब्द होते आणि "ऑर"च्या आधी कॉमा नव्हता. मालवाटप हे वेगळं वगळलेलं काम, की फक्त मालवाटपासाठीचं पॅकिंग वगळलेलं? एका डेअरीच्या ट्रकचालकांनी यावर दावा लावला, 2017 मध्ये संघराज्याच्या अपील न्यायालयाने त्यांच्या बाजूने कौल दिला आणि 2018 मध्ये तो वाद 50 लाख डॉलरना मिटला. वाक्यरचनेवर कुणाचा हक्क किंवा पैसा ठरणार असेल तर वर सांगितलेला हिशेब अपुरा आहे. तिथे वाक्य नुसतं बरोबर असून भागत नाही, त्याचा दुसरा अर्थ निघता कामा नये.

प्रबंध, पुस्तक, प्रकाशनासाठीचा लेख: कॉपी एडिटर. प्रूफरीडर नव्हे. प्रूफरीडर शेवटच्या टप्प्यात टंकनाच्या चुका आणि सुटलेली चिन्हं बघतो, वाक्याची बांधणी बदलणं त्याच्या कामात बसत नाही. ही गल्लत फार होते, आणि मग पैसे देऊनही वाक्यं तशीच राहिली अशी तक्रार येते. प्रबंध असेल तर किती संपादन चालतं हे आधी मार्गदर्शकांना विचारून घ्या.

आणि तुमच्या चुका पुन्हा पुन्हा चौथ्या आणि सहाव्या तपासणीतच सापडत असतील तर शिक्षक गाठा. जाताना नुसतं "माझं इंग्रजी कच्चं आहे" असं सांगू नका, त्यावरून कुणालाच काही करता येत नाही. तुमच्याच लेखनातली दहा-बारा चुकलेली वाक्यं न सुधारता एका कागदावर उतरवा, प्रत्येकात क्रियापदं अधोरेखित करा, जोडशब्दांभोवती गोल करा आणि तो कागद समोर ठेवा. चांगला शिक्षक त्यावरून पहिल्याच भेटीत सांगेल की तुमच्याकडून जोडशब्द गळतात, जास्तीचे पडतात की चुकीच्या जागी बसतात.